ऑर्किडचा कोंब सडतो तेव्हा

आगाशी-अर्नाळ्याच्या दमट हवेत पावसाळ्यात ऑर्किडचे नवे कोंब सडण्याची भीती फार. कोंब गेला म्हणजे पुढचा फुलोरा गेला. म्हणून कुंड्या विकणाऱ्या बंधूंनी आधी दुखणे ओळखावे, असे आम्ही सुचवतो. डाग काळा, वास नसलेला असेल तर बहुधा फायटोफ्थोरा. पाणचट, तपकिरी व दुर्गंधीयुक्त असेल तर जिवाणू. दोन्हींत कुंडी वेगळी ठेवावी, पाणी कमी करावे. ज्योतीत तापवून गार केलेल्या पात्याने निरोगी भागापर्यंत कापावे. दर कापानंतर पाते पुन्हा तापवावे. कापावर दालचिनीची पूड लावावी, मुळांवर पडू देऊ नये. डेंड्रोबियमवर ताम्रयुक्त औषध टाळावे. कोवळा कोंब होरपळतो. पाणी सकाळीच द्यावे, कोंबात साचू देऊ नये. रोगट कुंडी मात्र विकू नये. एका कुंडीच्या दामापायी दुकानाची पत जाते.