घर बांधताना : लेखांक ७
आधी मान वर करा

मागच्या आठवड्यात सातबारा आणि मोजणीच्या नकाशात आपण बराच वेळ मान खाली घालून बसलो होतो. या आठवड्यात मान वर करायची आहे.

एकलहऱ्याला हे मुद्दाम सांगावं लागू नये. १९७० साली इथल्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. १४० मेगावॉटचे ते पहिले दोन्ही संच आता निवृत्त झाले आहेत, पण २१० मेगावॉटचे तीन उभे आहेत. जिथे वीज तयार होते तिथून ती बाहेरही जावी लागते, म्हणून या शिवारात आंब्याच्या झाडांइतकीच टॉवरची सवय आहे. सवयीची गोष्ट दिसेनाशी होते, आणि घर बांधताना पंचाईत होते ती तिथेच.

भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, ‘परवानगी लागते का?’ थोडक्यात सांगतो. गावठाणात बांधायचं तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी लागते. गावठाणाबाहेर १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू होतो. तिथे आपला गट कोणत्या प्राधिकरणाच्या हद्दीत येतो हे आधी लेखी विचारून घ्यावं. नाशिकरोडच्या बाजूला महापालिका आहे, देवळालीत कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, आणि हद्दीची रेघ रस्त्यावर आखलेली नसते. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने छोट्या भूखंडांचं काम सोपं केलं आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर मालकीचे कागद, परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचा नकाशा आणि शुल्क भरून पोच घेतली, की परवान्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत.

याचा सोयीस्कर अर्थ मात्र असा काढला जातो, की ‘परवानगी नको म्हणजे नियमही नकोत’. सवलत कागदांपुरती आहे. सामासिक अंतर पाळावंच लागतं आणि तारेपासूनचं अंतरही. मोठं काम असो की मागच्या बाजूला चार फुटांची गॅलरी, नियम एकच. नियमावलीत व्हरांडा, बाल्कनी आणि जुन्या घरातले फेरफार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नूतनीकरण करणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

आता मापं. गल्लीतून घराघरांत जाते ती लघुदाब वाहिनी. ती इमारतीवरून जात असेल तर सर्वांत उंच भागापासून तारेपर्यंत किमान अडीच मीटर, म्हणजे सव्वाआठ फूट, मोकळे हवेत. बाजूने जात असेल तर १.२ मीटर, सुमारे चार फूट. त्याच्या वरच्या दाबापासून ३३ केव्हीपर्यंत उभं अंतर ३.७ मीटर, सुमारे बारा फूट. आडवं अंतर ११ केव्हीपर्यंत १.२ मीटर आणि त्यापुढे ३३ केव्हीपर्यंत २ मीटर. त्याहून मोठ्या वाहिन्यांसाठी प्रत्येक वाढीव ३३ केव्हीमागे, किंवा त्याच्या भागामागे, दोन्ही अंतरांत ०.३ मीटरची भर पडते. त्या हिशेबाने १३२ केव्हीला उभं ४.६ आणि आडवं २.९ मीटर होतं, तर २२० केव्हीला ५.५ आणि ३.८.

हा हिशेब घरावर लावून पाहू. प्लॉटवरून ११ केव्हीची तार वीस फुटांवरून जाते असं समजा. जोतं दोन फूट, त्यावर दहा फुटांवर स्लॅब, त्यावर साडेतीन फुटांचा कठडा : झाले साडेपंधरा. मधे उरले साडेचार फूट, हवेत बारा. म्हणजे वरचा मजला सोडाच, त्या तारेखाली तळमजलाही नियमात बसत नाही.

तार मोजायची कधी, हाही प्रश्न आहे. तार सकाळी ताठ दिसते. वैशाखातल्या दुपारी ऊन आणि भार दोन्ही चढले की तीच खाली ओघळते. वाऱ्याने आडवी हलते. म्हणून उभं अंतर तारेच्या सर्वाधिक झोलावरून धरतात आणि आडवं तिच्या सर्वाधिक हेलकाव्यावरून. हे माप बांबू किंवा टेप वर धरून स्वतः घ्यायचं नाही. ते काम वीज कंपनीच्या माणसाचं.

कोणत्या कंपनीचं? वीज मंडळाचे २००५ साली तुकडे झाले, तरी आपण अजून सगळ्यालाच ‘बोर्ड’ म्हणतो. केंद्र महानिर्मितीचं, टॉवरच्या मोठ्या वाहिन्या महापारेषणच्या आणि गावातले खांब महावितरणचे. तार ज्याची, अर्ज त्याच्याकडे. वाहिनीजवळ बांधायचं किंवा वाढवायचं असेल तर मालकाने वाहिनीच्या मालक कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला नकाशासह लेखी कळवायचं, असं केंद्रीय विद्युत सुरक्षा विनियम सांगतात. वाहिनी हलवावी लागली तर खर्च बांधणाऱ्याचा, आणि ती हलेपर्यंत काम सुरू करायचं नाही. अंदाजपत्रकाचा आकडा पाहून अनेकांचे पाय लटपटतात. म्हणून तो आकडा घराच्या बजेटात पहिल्या दिवशीच धरावा, स्लॅब पडल्यावर नव्हे.

काही जण स्वस्तातला उपाय काढतात. गॅलरीसमोरच्या तारेवर प्लास्टिकचा पाइप चिरून चढवतात. रस्त्याने जाताना असे करडे, उन्हाने तडकलेले पाइप तुम्हीही पाहिले असतील. तो पाइप पाणी वाहून नेण्यासाठी बनवलेला असतो, दाब अडवण्यासाठी नाही. घरच्यांची भीती तेवढी जाते, धोका तिथेच राहतो. भीती होती तोवर लेकरू निदान गॅलरीत बिचकून तरी उभं राहत होतं.

सर्वांत जोखमीचे दिवस सळई वर चढवण्याचे. सळईची पूर्ण लांबी बारा मीटर, म्हणजे चाळीस फूट. दोघे खालून देतात, एक वर उभा राहून ओढतो. त्याचं सगळं लक्ष हातातल्या टोकाकडे असतं. दुसरं टोक हवेत कुठे फिरतंय हे त्याला दिसत नाही. उच्चदाब तारेला सळई टेकायचीही गरज नसते, पुरेशी जवळ गेली तरी ठिणगी उडते. म्हणून अशा जागी सळई खालीच कापून घ्यावी आणि तारेच्या विरुद्ध बाजूने आडवी चढवावी. एक माणूस फक्त तारेवर नजर ठेवायला उभा करावा. लागलं तर त्या दिवसापुरता वीजपुरवठा बंद ठेवण्यासाठी आधी लेखी अर्ज द्यावा. ओला बांबूही वीज वाहतो, हे सेंट्रिंगवाल्याला सांगून ठेवावं. बांधकामासाठी तात्पुरती जोडणी रीतसर घ्यावी, आकडा टाकू नये, आणि तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावून घ्यावा. मिक्सरपाशी पाय ओले असतात.

पुढच्या आठवड्यात पुन्हा खाली पाहू : पायाखालची काळी माती. तोवर एक काम करा. उद्या दुपारी आपल्या प्लॉटच्या मधोमध उभे राहा आणि चारही बाजूंना वर पाहा. दिसेल ती प्रत्येक तार नकाशावर काढून घ्या, आणि ती कोणाची, किती केव्हीची, हे वायरमनला विचारून शेजारी लिहा. तुमच्या इंजिनिअरने आणलेल्या नकाशात त्या तारा नसतील, तर तो नकाशा अजून अपुरा आहे.