परदेशी विद्यापीठाशी करार : खर्चीचा की मालकीचा?

इचलकरंजीत खर्चीवाला कोण, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड कसले काढायचे ते त्याने ठरवलेले आणि तयार मालही त्याचाच. खर्चीवाल्या यंत्रमागधारकाकडे माग, वीजबिल, कामगार आणि पिकाला, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्याला, ठरलेली मजुरी. व्यवसाय म्हणून यात गैर काही नाही, सगळे उघड ठरलेले असते. पण परदेशी विद्यापीठाबरोबरची ‘भागीदारी’ आतून असाच खर्चीचा व्यवहार असेल आणि वर पाटी समान सहकार्याची असेल, तर मात्र प्रश्न विचारायला हवेत. वस्त्रनगरीच्या आसपासच्या महाविद्यालयांमध्ये परदेशी करारांची चर्चा वाढली आहे. तिच्यासोबत काही समज पक्के बसले आहेत, ते एकेक करून पाहू.

गैरसमज : करारावर सही झाली, की भागीदारी झाली.

सामंजस्य करार हा सहसा इराद्याचा कागद असतो. बहुतेक करारांत तसे स्पष्ट लिहिलेलेच असते, की यातून कुणावर आर्थिक वा कायदेशीर बंधन येत नाही. कोणता अभ्यासक्रम, कोणते शिक्षक, किती पैसे, किती मुदत हे पुढच्या स्वतंत्र करारात येते आणि अनेक संस्थांची गाडी तिथवर पोहोचतच नाही. पाहुण्याला फेटा बांधला, स्मृतिचिन्ह दिले, फोटो छापून आला, संपले. शिक्षणसंस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही विचारणा ‘कार्यरत’ करारांची असते. त्यामुळे कपाटातल्या फाइलींची संख्या सांगून फारसे साधत नाही.

गैरसमज : लहान शहरातल्या संस्थेला समान भागीदारी मिळणे शक्य नाही.

आधी नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मे २०२२ च्या विनियमांनुसार, नॅकचे किमान ३.०१ गुणांकन असलेल्या भारतीय संस्थेला जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारांत असलेल्या परदेशी संस्थेबरोबर संयुक्त वा दुहेरी पदवीचा कार्यक्रम आयोगाची वेगळी परवानगी न घेता सुरू करता येतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला २०२१ च्या मूल्यांकनात ३.५२ गुणांकन मिळाले. म्हणजे पात्रतेचा दरवाजा फक्त मुंबई-दिल्लीसाठी उघडा आहे, असे नाही. संलग्न महाविद्यालयाची पदवी मात्र विद्यापीठाची असते. त्यामुळे महाविद्यालयाने परस्पर पदवीची आश्वासने देऊन चालत नाही, विद्यापीठाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे लागते.

आता देण्यासारखे काय आहे ते बघा. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासूनचा शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव या गावात आहे. १९८२ मध्ये सुरू झालेली दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटीची अभियांत्रिकी आणि वस्त्रोद्योग संस्था जुन्या राजवाड्यात भरते आणि तिच्या चारी बाजूंना सायझिंग, विणाई, प्रोसेसिंग असा अख्खा उद्योग चालू असतो. बिनविणीच्या कापडासाठी, म्हणजे नॉनवोव्हनसाठी, केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचे उत्कृष्टता केंद्रही तिथे आहे. युरोपातल्या वस्त्रविद्येच्या प्रयोगशाळेत उपकरणे इथल्यापेक्षा चांगली असतील. पण विद्यार्थ्याला सकाळी वर्गात शिकवलेले संध्याकाळी चालू मागावर दाखवता येईल, अशी सोय तिथे फारशी उरलेली नाही. ही आपली बाजू आहे, आणि वाटाघाटीत ती बोलून दाखवावी लागते. समोरचा ती आपणहून मोजेल, अशी अपेक्षा भाबडी आहे.

दोन्ही संस्थांची श्रीमंती सारखी असली तरच बरोबरी येते, हा समज तर आपल्याच जवळच्या इतिहासाने खोटा ठरवला आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉरिट्झ विंटरनिट्झ यांनी युरोपातल्या प्राच्यविद्या पंडितांपुढे मांडली. तिकडे तयारीही सुरू झाली, पण पहिल्या महायुद्धात ती विस्कटली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये, स्थापनेनंतर अवघ्या दोन वर्षांत, हे काम अंगावर घेतले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लाख रुपये देऊ केले. १९२५ पासून संपादनाची सूत्रे विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आली. त्यांची डॉक्टरेट बर्लिनची आणि पाठचिकित्सेची शिस्तही युरोपातून शिकून आलेली. पण कोणती हस्तलिखिते ग्राह्य धरायची, मतभेद असतील तिथे पाठ कसा ठरवायचा, याचे नियम पुण्यात ठरले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी सभापर्व संपादित केले, ते याच नियमांनी आणि याच मालिकेतला एक भाग म्हणून. १९६६ मध्ये काम पुरे झाले. येल आणि भांडारकर यांच्या तिजोरीची तुलना कुणी केली असती तर हसू आले असते. पण इथे प्रश्न पुण्याचा होता, निर्णय पुण्याचा होता आणि परदेशी विद्वान त्यात बरोबरीने राबले. समान भागीदारीची याहून चांगली व्याख्या मला तरी सुचत नाही.

गैरसमज : परदेशी भागीदार म्हणजे परदेशी पैसा.

युरोपीय संघाचा हॉरायझन युरोप हा संशोधनाचा सर्वांत मोठा कार्यक्रम. त्यात भारतीय संस्था सहभागी होऊ शकते, पण तिला निधी आपोआप मिळत नाही. बहुतेक वेळा आपल्या वाट्याचा खर्च आपणच उभा करायचा असतो. ब्रिटनबरोबरच्या न्यूटन-भाभा निधीची रचनाही दोन्ही देशांनी आपापला हिस्सा घालण्याची होती. खरे तर हे वाईट नाही. ज्याचे पैसे असतात त्याला टेबलावर शब्दही असतो.

पैसा आला तरी तो कसा येणार, याचा विचार आधी हवा. ट्रस्ट किंवा सोसायटीने चालवलेल्या महाविद्यालयाला परदेशी देणगी घ्यायची तर परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले असे अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळते करता येत नाही. ‘मुंबईच्या मोठ्या संस्थेकडे पैसे येतील, त्यातला वाटा इचलकरंजीला मिळेल’ अशी आखणी इथेच कोसळते. परदेशी विद्यार्थ्यांची फी किंवा रीतसर कामाचा मोबदला यांना हे अंशदानाचे बंधन नाही, म्हणून व्यवहार कोणत्या स्वरूपाचा आहे हे लेखापालाला आधी विचारावे.

आणखी एक जागा नेहमी निसटते. परदेशी विद्यापीठ आपला प्रशासकीय खर्च अंदाजपत्रकात चोख धरते. आपल्याकडच्या प्रयोगशाळा सहायकाचा वेळ, वीज, गाडीभाडे, कारकुनाची कागदपत्रे मात्र ‘ते आम्ही बघून घेऊ’ या दिलदारीत वाहून जातात. हीच खर्ची.

गैरसमज : शोधनिबंधात आपल्या माणसाचे नाव आले, की न्याय झाला.

समजा, पंचगंगेच्या प्रदूषणावर एखादे परदेशी विद्यापीठ काम करू पाहते. विषय जिव्हाळ्याचा आहे. प्रोसेसिंगचे सांडपाणी, नदीचे रूप, २०१२ ची काविळीची साथ, गावाला सगळे आठवते. आपले विद्यार्थी नमुने गोळा करतात, घरोघरी प्रश्नावली भरून घेतात, नमुने बाहेर जातात, निबंध छापून येतो आणि लेखकांच्या यादीत सातव्या क्रमांकावर आपले एक नाव असते. आता विचारा : अभ्यासाचा प्रश्न कुणी ठरवला? कच्ची माहिती कुणाच्या संगणकावर आहे? उरलेले नमुने कुठे आहेत? निष्कर्ष महापालिकेला आणि नदीकाठच्या लोकांना कधी, कोणत्या भाषेत कळले? नाव छापून आले म्हणून यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

हळदीची गोष्ट इथे आठवावी. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट मिळाले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पेटंटवरची नावे भारतीय वंशाच्याच संशोधकांची होती, हा भाग सांगताना बहुतेक जण गाळतात. पुढे जैवविविधता कायदा, २००२ आला. आता परदेशी संस्थेला भारतीय जैवसंपदेवर वा तिच्याविषयीच्या ज्ञानावर आधारित पेटंट हवे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय संशोधनाला आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावे लागते. याला लोक लालफीत म्हणतात. माझ्या मते लहान संस्थेसाठी ही ढाल आहे. ‘आमच्या देशाचा कायदा आहे’ हे वाक्य प्राचार्यांच्या भिडस्तपणापेक्षा जास्त कामाला येते.

जगातही वारे बदलते आहे. गरीब भागांतल्या संशोधनासाठी २०१८ मध्ये आलेली जागतिक आचारसंहिता युरोपीय आयोगाने आपल्या निधीसाठी स्वीकारली. २०२२ मध्ये केपटाउनला भरलेल्या संशोधन-सचोटी परिषदेतून निघालेल्या निवेदनाचा रोख, स्थानिक संशोधकांना प्रकल्पाच्या आखणीपासून सामील करा, असाच आहे. म्हणजे अशा अटी घातल्या तर समोरचा पळून जाईल, ही भीतीही आता जुनी झाली.

गैरसमज : देवाणघेवाण म्हणजे आपली मुले तिकडे पाठवणे.

ती नुसतीच ‘देवाण’ झाली, आणि तीही पालकांच्या कर्जावर. आयोगाच्या त्याच २०२२ च्या विनियमांनुसार ट्विनिंगमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाचा काही भाग परदेशात करण्याच्या कार्यक्रमात, परदेशात मिळवलेली श्रेयांके एकूण तीस टक्क्यांच्या आत ठेवावी लागतात आणि पदवी भारतीय संस्थेची असते. संयुक्त पदवीत दोन्ही बाजूंची किमान तीस-तीस टक्के श्रेयांके हवीत. परदेशी विद्यापीठाची नुसती फ्रँचायझी चालवायला या विनियमांत मनाई आहे. प्रवेशाच्या जाहिरातीला भुलणाऱ्या पालकांनी एवढे तरी पडताळावे. उलट दिशेच्या वाटाही आहेत. २०१५ पासूनच्या ‘ग्यान’ योजनेत परदेशी प्राध्यापक इथे येऊन शिकवतात. दोन देशांतल्या वर्गांनी मिळून ऑनलाइन एक प्रकल्प करण्याला तर व्हिसा लागत नाही की विमानाचे तिकीट. वेळ मात्र दोघांनाही सोयीची हवी, दरवेळी आपल्याच मुलांनी रात्री अकराला बसायचे असे नको.

गैरसमज : या नात्यात आपण कायम धाकटे.

वस्त्रविद्या शिकवायला भारतीय शिक्षक इथिओपियासारख्या देशांत वर्षानुवर्षे जात आले आहेत. आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये झांझिबारला शाखा उघडली. आफ्रिकेतल्या एखाद्या नव्या वस्त्रोद्योग महाविद्यालयाशी इचलकरंजीने करार केला, तर थोरला भाऊ आपण असू. तेव्हा अभ्यासक्रम कोण ठरवणार, त्यांच्या कापसावरच्या संशोधनाची मालकी कुणाकडे राहणार, त्यांचे शिक्षक इथे येण्याचा खर्च कोण सोसणार? युरोपकडून ज्या अटींची आपण अपेक्षा करतो, त्याच अटी या मसुद्यात आपल्या विरुद्ध लिहून पाहाव्यात. संस्थाचालकांची खरी परीक्षा तिथे आहे.

संस्थाचालकांना एक विनंती. पुढचा करार येईल तेव्हा समारंभाची तारीख ठरवण्याआधी मसुदा तीन जणांना वाचायला द्या : ज्या शिक्षकाने काम करायचे आहे त्याला, लेखापालाला आणि वकिलाला. त्यात माहितीची मालकी, खर्चाची वाटणी आणि करारातून बाहेर पडण्याची अट ही तीन कलमे नसतील, तर सही पुढे ढकला.