छातीवर बसणारं भूत

पहाटे डोळे उघडतात, पण बोटही हलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. अंगाऱ्याची गरज नाही, ही रेम झोपेची करामत. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ही झोप जगापुढे मांडली. साधारण ९० मिनिटांच्या चक्रात गाढ झोपेनंतर ती येते: पापण्यांआड बुबुळं भराभर फिरतात, स्वप्नं रंगतात आणि मेंदू हातपाय लुळे करून ठेवतो. नाहीतर स्वप्नातली मारामारी शेजारच्याला भोवेल! (काहींची खरंच भोवते, तो वेगळा विकार.) जाग आधी आली, स्नायू मागे राहिले, की हे भूत. बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत उतरतं. 

या भुताला घाबरू नका, झोपेतलं घोरणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मध्येच दहाएक सेकंद श्वास थांबून माणूस धाप लागल्यासारखा दचकत असेल, तर स्लीप अ‍ॅप्नियाची शंका घ्या, डॉक्टर गाठा.