निकालानंतर : हुकूमनामा बेळगावचा, पगार बंगळूरचा

या आठवड्यात लिलावाचा विषय घ्यायचा ठरला होता, पण तो पुढे ढकलतो. बेळगावहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर देणं जास्त निकडीचं आहे. त्यांनी एका नातलगाला हातउसने पैसे दिले, ते बुडाले, दावा लावला, जिंकला. नातलग आता बंगळूरला व्हाइटफील्डकडे कुठल्याशा कंपनीत नोकरीला आहे. गावातलं घर त्यानं आधीच विकलंय. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली तर बेलिफ हात हलवत परत आला. मग पैसे मिळणार कसे, आणि त्याला आत टाकता येईल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर बंगळूरला आहे. खाजगी नोकरदाराचा पगार जप्त करायचा तर पगार काढणारा अधिकारी ज्या कोर्टाच्या हद्दीत बसतो, त्याच कोर्टाचा हुकूम लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ चा नियम ४८-अ तसं सांगतो. तेव्हा आधी त्याच संहितेच्या कलम ३९ खाली अर्ज देऊन हुकूमनामा बेळगावहून बंगळूरला वर्ग करून घ्यायचा. हुकूमनाम्याच्या नकलेबरोबर वसुली झाली नसल्याचा, किंवा किती झाली त्याचा, दाखला जावा लागतो. हा दाखला टेबलावर पडून राहिला की पुढचं सगळं थांबतं. म्हणून तो निघाला का, रवाना झाला का, याचा पाठपुरावा स्वतः करा. वकिलांच्या कारकुनावर सोडू नका.

पगारातून किती मिळेल? कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश ऋणकोकडे राहतात. ६१,००० पगार असेल तर ६०,००० चा तिसरा हिस्सा, म्हणजे दरमहा २०,००० कापले जातील. मात्र एकाच हुकूमनाम्यापोटी ही कपात एकूण २४ महिनेच चालते. पुढे त्या हुकूमनाम्यासाठी तो पगार कायमचा सुटतो. या हिशेबात ४ लाख ८० हजारांच्या वर जे येणं असेल, ते दुसरीकडून काढावं लागेल. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. हुकूम पोचूनही कंपनीनं कपात केली नाही, तर ती रक्कम कंपनीच्याच अंगावर येते.

पण पत्रात खरी अडचण वेगळीच दिसते. कंपनी कोणती, खातं कुठल्या बँकेत, हे त्यांना ठाऊकच नाही. कोर्ट ते शोधून देत नाही. जप्ती कशाची करायची हे दरखास्तदारानं सांगायचं असतं, आणि बहुतेक दरखास्ती मरतात त्या इथेच. या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नियम ४१, आणि तो किती कमी वापरला जातो याची मला फार खंत वाटते. हुकूमनाम्याचे पैसे ३० दिवसांत आले नाहीत, तर ऋणकोनं आपल्या मालमत्तेचा तपशील प्रतिज्ञापत्रावर द्यावा, असा हुकूम मागता येतो. न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे. शिवाय त्याला कोर्टात बोलावून तोंडी विचारता येतं.

विचारायचं कसं, यावर सगळं अवलंबून असतं. ‘तुमच्या नावावर काही मालमत्ता आहे का?’ याला ‘नाही’ हेच उत्तर ठरलेलं. बंगळूरच्या मेयो हॉलच्या कोर्टात एका तरुण वकिलीणबाईंनी हा प्रश्न टाळून विचारलं, ‘मुलीच्या शाळेची फी कुठल्या खात्यातून जाते?’ गृहस्थांनी सरळ बँकेचं आणि शाखेचं नाव सांगितलं. पुढचा अर्ज त्या खात्यावर जप्ती आणायचा होता. मोबाइलचं बिल, गाडीचा विमा, घरभाड्याची अनामत, असे रोजच्या व्यवहाराचे प्रश्न काढून ठेवा.

हीच माहिती आधी का घेऊ नये? सर्वोच्च न्यायालयानं तेच म्हटलं, आणि तेही बंगळूरच्याच एका प्रकरणात. वाद मैसूर रोडवरच्या जागेच्या ताब्याचा होता. त्यातला काही भाग मेट्रोसाठी गेलेला. २२ एप्रिल २०२१ ला, निवृत्तीच्या आदल्या दिवशी, सरन्यायाधीश शरद बोबडे, न्या. नागेश्वर राव आणि न्या. रवींद्र भट यांच्या पीठानं खालच्या कोर्टांना चौदा सूचना दिल्या. पैशाच्या दाव्यात मुद्दे काढण्याआधीच प्रतिवादीकडून मालमत्तेचं विवरण शपथेवर घेता येईल, ही त्यातली एक. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, ही दुसरी. तिचं काय झालं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलं : देशभरात ८,८२,५७८ दरखास्ती पडून, त्यातल्या तीन लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. कर्नाटकाची आकडेवारी तर तोवर पोचलीच नव्हती. जिंकलेल्या माणसाला इतकं ताटकळत ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणूनच, दावा अजून चालू असेल तर मालमत्तेच्या विवरणाचा अर्ज आजच द्या, निकालाची वाट पाहू नका.

आता आत टाकण्याबद्दल. केवळ पैसे देता येत नाहीत म्हणून कैद नाही, हे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये स्पष्ट केलं. ऐपत असून तो देत नाही, किंवा माल दडवतो, हे दाखवावं लागतं. दाखवणार कशावरून? पुन्हा नियम ४१ च्याच कागदावरून. तेव्हा अटकेचा अर्ज आधी आणि चौकशी मागाहून, असा उलटा क्रम करू नका. माझ्या मते कैदेपेक्षा पगाराची कपात तुमच्या जास्त कामाची आहे, कारण आत बसलेला माणूस पगार मिळवत नाही.

एक गोष्ट पत्रात राहिली आहे : हुकूमनाम्याची तारीख. त्याच्या अंमलासाठी मुदत १२ वर्षांची असते आणि ती साधारणपणे हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. हप्ते बांधून दिले असतील तर प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी चालते. प्रमाणित नकलेवर पाहून कळवा. लिलाव पुढच्या आठवड्यात घेऊ.