पित्ताची गोळी: कोणती आणि कधी?

उजनी धरणाच्या पाण्यामुळे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या आसपास ऊस आणि केळी आली, तरी ताटातली ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी हटली नाही. छातीत जळजळ झाली की दोष त्या चटणीला मिळतो आणि मेडिकलमधून ‘पित्ताची गोळी’ येते. तिखटाने काहींची जळजळ वाढते हे खरे, पण तिखटामुळे अल्सर होत नाही.

आम्ल हवेच

जठरात दिवसाला साधारण दीड-दोन लिटर पाचक रस पाझरतो. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लामुळे प्रथिने पचतात, जंतू मरतात. बिघडते ते आम्ल वर अन्ननलिकेत चढले की. उशिरा जेवून लगेच आडवे होणे, तंबाखू, सुटलेले पोट ही त्याची नेहमीची कारणे.

अल्सर कशाने?

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. यानेच अल्सर होतो हे लोक मानेनात, तेव्हा मार्शल यांनी हे जंतू स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला! २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. हा जंतू अँटिबायोटिक औषधांनी जातो. त्यांचा कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो आणि तो अर्ध्यावर सोडायचा नाही.

दुसरे कारण आपल्या खिशातच असते. गुडघे-कंबरेसाठी रोज घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी. जेवून घेतली म्हणजे बाधत नाही, ही समजूत अर्धवट आहे. ही औषधे रक्तात मिसळल्यावरही जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. शेतीकामाच्या दिवसांत या गोळ्या कशा मूठमूठ खपतात, हे वेगळे सांगायला नको.

औषधे

अँटासिडचे पातळ औषध तयार आम्ल मारते. आराम लगेच, पण थोडाच वेळ. रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन आम्ल तयार होणे कमी करतात. यातले रॅनिटिडिन भारताने २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून काढले.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांहून प्रभावी, आणि चुकीच्या वेळी घेतली जाणारीही हीच. जठरातले आम्लाचे पंप जेवणाने जागे होतात आणि ही गोळी जागे पंपच बंद करते. म्हणून ती सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यावी. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. त्यामुळे किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. वेदनाशामक कायम लागत असेल तर मात्र डॉक्टर हीच गोळी मुद्दाम सोबत देतात, ती मनाने बंद करू नये.

थांबू नका

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, यांत गोळीवर दिवस काढू नयेत. छातीतल्या दुखण्याबरोबर घाम, दम किंवा हातात-जबड्यात कळ असेल तर ते पित्त समजू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढून घ्या.