सीट हलतेय, बॉस!

दिवाळीला घरी जाताना तुमच्या सॅकमध्ये काय काय असतं? लॅपटॉप, चार्जर, आईसाठी साडी, बाबांसाठी बीपीच्या गोळ्या... यंदा त्यात एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक छोटा पाना टाका. सीरियसली!

पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मराठवाड्यातली पोरं पगार जरा बरा झाला, की गावाकडच्या घरात एक काम करून घेतात. वेस्टर्न कमोड! गुडघे बोलायला लागले, की 'इंडियन'वर बसणं-उठणं म्हणजे शिक्षाच. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरमध्येही वेगळं काही नाही. कमोड बसतो, त्यावर छानपैकी क्विक रिलीज सीट येते, मिस्त्री निघून जातो, तुम्हीही हिंजवडीला परतता. आणि वर्ष-दोन वर्षांत सीट हलायला लागते.

ही बातमी फोनवर कधीच कळत नाही. 'सगळं ठीक ना?' 'ठीकच आहे की.' आपल्या आई-बाबांची पिढी हलत्या सीटशीही जुळवून घेते. एका अंगावर बसायचं, भिंतीला हात टेकायचा आणि वर, 'उगं कशाला प्लंबर बोलवायचा, चालतंय की!' पण उठताना आधाराला हात जातो तो नेमका सीटवरच. ती बोटभर सरकली तरी ओल्या फरशीवर तोल जायला पुरेसं आहे. आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांना विचारा. तेव्हा घरी पोचलात की सीटचं पुढचं टोक धरून डावी-उजवीकडे ढकलून बघा. हलली? मग घ्या स्क्रू ड्रायव्हर.

क्विक रिलीजचा फंडा एकदम सोपा आहे. सीट मागच्या बाजूला दोन छोट्या खुंट्यांवर अडकलेली असते. खटका दाबून वर उचलली, की अख्खी सीट हातात! खरं तर ही सोय साफसफाईसाठी, पण माहितीपत्रक खोक्याबरोबर रद्दीत गेल्यामुळे घरात कुणालाच ती ठाऊक नसते. कुठे मधोमध बटण असतं, कुठे दोन्ही बिजागऱ्यांना एकेक, तर कुठे टोपी थोडी फिरवावी लागते. ताकद लावू नका, आधी नीट बघा.

सीट निघाली की खुंट्या हलवून बघा. त्या घट्ट असतील, तर सीट नीट बसलेलीच नव्हती किंवा खाचेत घाण साचलीय. पुसा, परत दाबा, दोन्हीकडे 'टक' ऐका. बस्स! पण खुंट्याच हलत असतील, तर त्यांचा नट ढिला झालाय. जमिनीवरच्या बहुतेक कमोडांत तो भांड्याच्या खालून असतो. मागे हात घाला, पंखांचा प्लास्टिकचा नट सापडेल. भिंतीला टांगलेल्या कमोडात खाली हात पोचायची सोय नसते. तिथे बहुधा वरून स्क्रू पिळला की भोकातला रबर फुगून घट्ट धरतो.

पिळण्याआधी सीट परत लावून ती भांड्यावर मधोमध बसतेय का बघा, नाहीतर वाकडीच घट्ट व्हायची. मग सीट काढून दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे पिळा. प्लास्टिकचा नट हातानेच. धातूचा असेल तर हाताने पुरता बसल्यावर पान्याने अगदी थोडासा. इथे मर्दुमकी नको! खाली चिनी माती आहे, तडकली तर नट राहिला बाजूला, नवा कमोड घ्यावा लागेल.

आता आपल्याकडचा खास व्हिलन, बोअरचं पाणी. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे खोल बोअरला पर्याय तरी काय? त्या पाण्यातले क्षार खटक्यात आणि नटावर पांढरे थर धरतात. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, थर सुटतो. संडास धुवायचं ॲसिड मात्र बिजागरीवर ओतू नका, चकाकी जाऊन गंज धरतो. ॲसिड आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र नको, विषारी वायू होतो.

पिळूनही आठवड्यात परत ढिलं? मग रबराचा वायसर कडक होऊन चिरलेला असणार. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दिवाळीत दुकान बंद असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापा, काम भागतं. सीट हळू मिटण्याऐवजी धाडकन आपटत असेल, तर ते दुखणं वेगळं. आतला डँपर गेलाय, नट पिळून उपयोग नाही. नवी सीट घ्यायला निघालात, तर दोन भोकांमधलं अंतर, भोकांपासून पुढच्या टोकापर्यंतची लांबी आणि भांड्याची रुंदी मोजून न्या, फोटोही काढा.

आणि घरी आलाच आहात तर कमोडशेजारी भिंतीत धरायला स्टीलचा दांडा बसवून घ्या, म्हणजे उठताना हात सीटवर जाणारच नाही. हे काम मात्र मिस्त्रीलाच द्या. ड्रिल मारताना टाइल तडकली, तर बाबांचं लेक्चर भाऊबीजेपर्यंत पुरेल!