प्रवचन पुरं कोण करतं?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो की विधान खरं की खोटं, हे ते कोणत्या आवाजात म्हटलं यावर ठरत नाही. तर्कशास्त्रापुरतं ते बरोबरच आहे. पण प्रवचनापाशी आलं की अडचण होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की विश्वास ऐकण्यातून उपजतो. ऐकण्यातून, वाचण्यातून नव्हे. मग ऐकणारे बदलले की प्रवचन तेच राहतं का? आज आपण ख्रिस्ती प्रवचनाची तीन ठिकाणं बघू: न्यू इंग्लंड, अमेरिकेचा दक्षिण भाग आणि आपलं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. ही तीन नावं उगीच एकत्र आणलेली नाहीत.

आधी न्यू इंग्लंड. तिथे गेलेल्या प्युरिटनांनी विल्यम पर्किन्स या इंग्रज धर्मपंडिताकडून प्रवचनाची एक रीत घेतली होती. बायबलमधलं वचन वाचायचं, त्याचा अर्थ सांगायचा, त्यातून सिद्धांत काढायचा, त्याची कारणं द्यायची आणि शेवटी श्रोत्याच्या आयुष्यात त्याचा उपयोग काय ते सांगायचं. भाषा साधी. लॅटिन अवतरणांची आरास नको, कारण आरास केली की लोक देवाऐवजी उपदेशकाकडे बघू लागतात. श्रोत्याचं काम गप्प बसून स्वतःला तपासणं.

आता गंमत बघा. 8 जुलै 1741 रोजी एनफिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्स यांनी ‘क्रुद्ध परमेश्वराच्या हातातले पापी’ हे प्रवचन दिलं. ना हातवारे, ना आरडाओरडा. ते शांत आवाजात बोलणारे गृहस्थ होते. पण बाकांवरची माणसं अशी रडू-ओरडू लागली की त्यांना मध्येच थांबावं लागलं. म्हणजे गप्प बसण्याचा नियम होता, तो पाळला गेलाच असं नाही.

दक्षिणेत गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीयांची गोष्ट वेगळी. कित्येक राज्यांत त्यांना वाचायला शिकवणं हाच कायद्याने गुन्हा होता. हातात पुस्तक नाही, तेव्हा वचन कानाने घ्यायचं आणि तोंडाने परत द्यायचं. उपदेशक एक वाक्य टाकतो, मंडळी ‘आमेन’ म्हणून किंवा हुंकार देऊन ते उचलते, त्या प्रतिसादावर पुढचं वाक्य उभं राहतं. हळूहळू लय चढते, आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळतही नाही. आफ्रिकेतल्या गायन-परंपरांचा धागाही इथे आहे. मिसिसिपीत जन्मलेले आणि पुढे डेट्रॉइटला पाळक झालेले सी. एल. फ्रँकलिन, म्हणजे गायिका अरेथा फ्रँकलिन यांचे वडील, यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघाल्या. त्या जरूर ऐका. श्रोत्यांचा आवाज त्यातून काढून टाकला तर प्रवचन लंगडं होईल.

यावरून काही जण चटकन म्हणतात की गोरे बुद्धीने ऐकतात आणि काळे भावनेने. आमच्या मते हा निव्वळ आळशीपणा आहे. एनफिल्डला रडणारे कोण होते? फरक स्वभावाचा नाही. पुस्तक कोणाच्या हातात होतं, आणि त्या समाजाच्या कानात आधीपासून काय मुरलं होतं, हा खरा प्रश्न.

आता नगरकडे येऊ. अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था 1810 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झाली. तिचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईला आणि 1831 मध्ये नगरला पोचले. म्हणजे एडवर्ड्स यांच्याच घराण्यातलं प्रवचन आपल्या दारात आलं. ते ऐकणारा श्रोता मात्र कीर्तनात वाढलेला. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण करायचं आणि उत्तररंगात आख्यान लावायचं, हे त्याला ठाऊक. नीट पाहिलं तर वचन, सिद्धांत, कारणं ही मांडणी पूर्वरंगाला बरीच जवळची आहे. कमी होती ती टाळ-मृदंगाची, आख्यानाची आणि श्रोत्यांनी मिळून म्हणायच्या पदाची. ख्रिस्ती कीर्तनाने ती भरून काढली.

शंका निघणं साहजिक होतं: साचा वारकऱ्यांचा घेतला तर जुना अर्थही मागच्या दाराने आत येईल ना? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आशय आणि आकार दुधापाण्यासारखे वेगळे करता येतात, हे मानणारे आम्हीही नाही. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (बाप्तिस्मा 1895) हे येणं धोक्याचं वाटतच नव्हतं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी पदं रचली, कीर्तनं केली.

आणखी एक गोष्ट इथे सहसा बोलली जात नाही. नगर भागात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. देवळातलं कीर्तन त्यांच्या वाट्याला आलं ते बाहेर उभं राहून. प्रार्थनामंदिरात तेच कीर्तन ते आत बसून ऐकू लागले, टाळ हातात घेऊ लागले, त्यांच्यातले काही स्वतः कीर्तनाला उभे राहू लागले. चाल ओळखीची होती, बसायची जागा बदलली होती. हा बदल नुसत्या शैलीचा म्हणता येईल का? आम्हाला नाही तसं वाटत.

गोव्यात हाच प्रश्न त्याच्या कितीतरी आधी आला होता. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं. त्यात नवख्रिस्ती श्रोताच विचारतो की आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काय देता? मिस्सा लॅटिनमध्ये चालायची, पण कथा मराठीत आली ती या प्रश्नाला उत्तर म्हणून. तो प्रश्न विचारणारा श्रोता आणि फ्रँकलिन यांच्या तबकडीत ‘आमेन’ म्हणणारा श्रोता, दोघांनाही आपण एरवी प्रेक्षकांत बसवतो. पुढच्या व्याख्यानात स्टीफन्स यांच्या त्या संवादापासूनच सुरुवात करू.